पडद्यावरील पिस्तूल

प्रस्तावना



चित्रपट पाहिलाच नाही असा मनुष्य आज शोधूनही सापडणार नाही. चित्रपटगृहात, घरातील दूरदर्शन संचावर किंवा हातातील मोबाइलवर आपण सर्वजण चित्रपट पाहतो, त्यातील संवाद पाठ करतो, त्यातील नायकासारखे चालून पाहतो. देशभक्तिपर चित्रपटांचे आकर्षण तर आणखी वेगळे. ते पाहताना ऊर भरून येतो, डोळे पाणावतात आणि कधी कधी हात आपोआप टाळ्यांसाठी उठतात. या टाळ्या नेमक्या कोणत्या क्षणी पडतात, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? अन्यायाच्या निषेधासाठी नायक पिस्तूल उचलतो, तेव्हा चित्रपटाने त्याचा गौरव करावा का? या प्रश्नावरील एक वैचारिक लेख आपण येथे वाचणार आहोत. लेखकाची मते तुम्हांला पटलीच पाहिजेत असे नाही. वाचताना हातात पेन्सिल ठेवा. जेथे पटत नाही तेथे खूण करा.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही
• चित्रपटात हिंसा दाखवणे आणि हिंसेचा गौरव करणे यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• लेखकाच्या युक्तिवादातील बलस्थाने आणि उणिवा शोधू शकाल;
• एखाद्या चित्रपटाविषयी स्वतःचे मत उदाहरणांसह लिहू शकाल.

मूळ पाठ

दिल्लीहून उत्तरेकडे सुमारे नव्वद किलोमीटर गेले की पानिपत लागते. हरियाणातील हा जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडतो. शहराजवळ काला अंब नावाचे ठिकाण आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे आणि अहमदशहा अब्दाली यांच्यात जे युद्ध झाले, त्याची खूण म्हणून येथे विटांचा एक स्तंभ उभा आहे. त्याच्या माथ्यावर लोखंडी दांडा, भोवती कुंपण आणि बाग. येथे पूर्वी आंब्याचे एक झाड होते, रणांगणातील रक्ताने त्याची माती भिजली आणि झाड काळे पडले, अशी आख्यायिका आहे. नाव त्यावरूनच पडले. झाड आता नाही. तरीही दरवर्षी जानेवारीत महाराष्ट्रातून आणि दिल्लीतून माणसे येथे येतात, स्तंभासमोर क्षणभर उभी राहतात. हरियाणातील रोड समाजातील अनेकजण स्वतःला त्या युद्धानंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात, तेही येतात.

जानेवारी २०२० मध्ये आमचा दिल्लीतील लहानसा अभ्यासगट तेथे गेला होता. करोल बागेत गलाईचा व्यवसाय करणारे विट्याकडचे दोघे होते, एका रुग्णालयातील परिचारिका होती, घर सांभाळून परीक्षेला बसलेल्या दोन गृहिणी होत्या. थंडी कडाक्याची होती. तिळाच्या वड्या वाटून झाल्यावर बोलणे साहजिकच चित्रपटाकडे वळले, कारण महिन्याभरापूर्वीच, ६ डिसेंबर २०१९ रोजी, आशुतोष गोवारीकर यांचा ‘पानिपत’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला होता. गलाईवाल्यांपैकी धाकटा म्हणाला, “सर, सिनेमात भाऊ पडले तरी आपली छाती फुगते. इथे आल्यावर मात्र काही बोलावेसेच वाटत नाही.”

त्याच्या या वाक्याने मला बराच काळ सोडले नाही. चित्रपटात मरणालाही पार्श्वसंगीत असते. काला अंबच्या त्या पटांगणात फक्त वारा होता.

त्या चित्रपटावरून राजस्थानात जे घडले तेही चर्चेत निघाले. भरतपूरचे महाराजा सूरजमल यांचे चित्रण अपमानकारक आहे, अशी जाट समाजाची तक्रार होती. या तक्रारीत तथ्य होते, असे मला वाटते. युद्धापूर्वी सूरजमल मराठ्यांपासून दूर झाले हे खरे. परंतु पराभवानंतर उपाशी, जखमी आणि थंडीने काकडलेले मराठे जेव्हा दक्षिणेकडे परतू लागले, तेव्हा त्यांना अन्न, वस्त्र आणि आश्रय देणारे तेच होते. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनाही त्यांच्याकडे आसरा मिळाला. मराठी माणसाने ही गोष्ट विसरू नये. मात्र तक्रार मांडण्याची रीत पाहा. जयपूरमध्ये एका चित्रपटगृहाची मोडतोड झाली. ज्या काचा फुटल्या त्या ना दिग्दर्शकाच्या होत्या, ना पटकथालेखकाच्या. पुढे निर्मात्यांनी चित्रपटातील काही मिनिटांचा भाग वगळला. म्हणजे मोडतोडीचा उपयोग झाला, असेही कोणी म्हणू शकेल आणि मला त्याला चटकन उत्तर देता येणार नाही. तो भाग निवेदनांमुळे वगळला गेला की दगडांमुळे, हे वेगळे काढणे कठीण आहे. दगडाची मोठी अडचण हीच आहे. तो शेजारच्या चांगल्या कामाचेही श्रेय घेऊन जातो.

त्याच्या दोन वर्षे आधी, जानेवारी २०१८ मध्ये, ‘पद्मावत’ या चित्रपटाच्या विरोधात देशात अनेक ठिकाणी आंदोलने झाली. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दिल्लीच्या अगदी लगत, गुरुग्राममध्ये, जमावाने एका शाळेच्या बसवर दगडफेक केली. आत लहान मुले होती. ती आसनांमध्ये खाली बसून रडत असल्याचे दृश्य नंतर सर्वांनी पाहिले. त्या मुलांपैकी एकानेही तो चित्रपट पाहिलेला असणे शक्य नव्हते.

येथे परिचारिका असलेल्या ताईंनी एक प्रश्न विचारला, आणि हा लेख मी त्या प्रश्नामुळेच लिहीत आहे. त्या म्हणाल्या, “सर, युद्ध वेगळे. तिथे दोन फौजा समोरासमोर असतात. पण ‘रंग दे बसंती’मध्ये पोरांनी मंत्र्याला मारले, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्याच ना? मग दगड मारणाऱ्यांना आपण काय सांगणार?”

मी टाळ्या वाजवल्या होत्या. दिल्लीतील एका चित्रपटगृहात, २००६ मध्ये, भरगच्च गर्दीत. हे मी ताईंना सांगितले.

पाठगत प्रश्न १
(अ) काला अंब हे नाव कशावरून पडले, असे सांगतात?
(आ) “दगडाची मोठी अडचण हीच आहे,” असे लेखक का म्हणतो?
(इ) युद्धातील हिंसा आणि निषेधासाठी केलेली हिंसा यांत परिचारिका कोणता फरक करते?

राकेश ओमप्रकाश मेहरा यांचा ‘रंग दे बसंती’ २६ जानेवारी २००६ रोजी प्रदर्शित झाला. लंडनहून आलेली एक तरुणी भगतसिंग आणि त्यांच्या साथीदारांवर माहितीपट काढू पाहते आणि दिल्लीतील विद्यापीठाच्या परिसरात वेळ घालवणाऱ्या काही मुलांना त्यात भूमिका देते. मुले आधी हसतात, थट्टा करतात, मग हळूहळू त्या भूमिकांत शिरतात. दरम्यान त्यांचा एक मित्र, हवाई दलातील वैमानिक, मिग-२१ विमानाच्या अपघातात मरण पावतो. मंत्री दोष मृत वैमानिकाच्या माथी मारतो. मुले इंडिया गेटपाशी मेणबत्त्या घेऊन शांतपणे बसतात. पोलीस लाठ्या चालवतात. मित्राची आई जबर जखमी होते. त्यानंतर मुले संरक्षणमंत्र्याला गोळ्या घालतात, आकाशवाणीचे केंद्र ताब्यात घेऊन लोकांशी बोलतात आणि कमांडोंच्या गोळ्यांनी मरतात.

चित्रपट म्हणून त्याची ताकद मी नाकारणार नाही. आपले मराठी अभिनेते अतुल कुलकर्णी यांनी त्यात प्रथम कडवा आणि नंतर पश्चात्तापाने बदललेला तरुण ज्या संयमाने उभा केला आहे, तो आजही पाहण्यासारखा आहे. आकाशवाणीवरील प्रसंगात तर मुलेच देश सुधारण्यासाठी राजकारणात, पोलिसांत, प्रशासनात जा, असे श्रोत्यांना सांगतात. म्हणजे दिग्दर्शकाच्या मनातही शंका होती. परंतु प्रेक्षकांच्या टाळ्या या संवादाच्या आधी पडून गेलेल्या असतात.

या चित्रपटाचे सर्वांत प्रभावी आणि माझ्या मते सर्वांत फसवे तंत्र म्हणजे दोन काळांची सरमिसळ. एकच चेहरा एका क्षणी भगतसिंग असतो, दुसऱ्या क्षणी आजचा विद्यार्थी. तिकडे इंग्रज अधिकाऱ्यावर गोळी सुटते, इकडे मंत्र्यावर. दोन्ही दृश्ये इतकी बेमालूम जोडलेली आहेत की दोन्ही कृत्ये एकच आहेत असे मनाला वाटू लागते. ती एक आहेत का?

दिल्लीतील एकाच वास्तूत याचे उत्तर दोनदा शोधले गेले. संसदेची ती गोल इमारत आज ‘संविधान सदन’ या नावाने ओळखली जाते. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी तेथील केंद्रीय विधिमंडळात बाँब टाकले. बाँब जाणूनबुजून मोकळ्या जागी टाकले होते. कोणी मरू नये अशी काळजी घेतली होती. पत्रके उधळून ते दोघे तेथेच उभे राहिले आणि पकडले गेले. ज्या सरकारला भारतीयांनी निवडले नव्हते, ज्याला मतपेटीतून हटवण्याची कोणतीही सोय नव्हती, त्या सरकारपुढे त्यांनी हे केले. वीस वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, त्याच इमारतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेपुढे बोलले. आर्थिक व सामाजिक उद्दिष्टे गाठण्यासाठी रक्तरंजित मार्ग आता सोडले पाहिजेत, असे त्यांनी बजावले. सनदशीर मार्ग बंद होते तोवर इतर मार्गांना काही समर्थन होते. ते मार्ग खुले झाल्यावर ते समर्थन उरत नाही, असा त्यांचा रोकडा युक्तिवाद होता. सोडावयाच्या मार्गांत त्यांनी सत्याग्रहही धरला होता. येथे मात्र माझे त्यांच्याशी पूर्णपणे जुळत नाही. महाडच्या चवदार तळ्याचा आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह ज्यांनी केला, त्यांनीच तो शब्द त्या यादीत घालावा याचे मला आश्चर्य वाटते. पण पिस्तुलाविषयी त्यांनी जे सांगितले त्यात मला पळवाट दिसत नाही.

१९२९ आणि २००६ यांच्यामध्ये मतदानाची पेटी आहे. चित्रपटाच्या जोडणीत ती पेटी कोठेच दिसत नाही.

आता दुसरी गोष्ट. पडद्यावर नायकाचा नेम चुकत नाही. ज्याला मारायचे तोच मरतो, आणि तो मेला की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. १९८४ मधील ‘इन्किलाब’मध्ये नायक संपूर्ण मंत्रिमंडळाला गोळ्या घालतो. २००८ मधील ‘अ वेन्सडे’मध्ये एक सामान्य नागरिक बाँबचा धाक दाखवून दहशतवाद्यांचा निकाल लावतो आणि शांतपणे घरी जातो. इतिहास इतका सरळ नाही. लाला लजपतराय यांच्या मृत्यूचा सूड म्हणून १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरमध्ये ज्याला मारायचे ठरले होते तो पोलीस अधिकारी स्कॉट होता. मेला तो साँडर्स. ओळखण्यात चूक झाली. पहिली गोळी झाडणारे शिवराम हरी राजगुरू हे आपल्या पुणे जिल्ह्यातील खेडचे, ज्याला आज राजगुरुनगर म्हणतात. पाठलाग करणारा हवालदार चननसिंग हाही त्या दिवशी मारला गेला. तो भारतीय होता. त्याचे नाव किती प्रेक्षकांना आठवते?

पुण्याचे उदाहरण त्याहून जुने. १८९७ च्या प्लेगमध्ये घरोघरी चाललेल्या झडत्यांनी लोक त्रासले होते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या. पण त्याच रात्री लेफ्टनंट आयर्स्ट हाही मारला गेला, ज्याच्यावर लोकांचा कसलाही रोष नव्हता. आणि प्रकरण तेथे थांबले नाही. सरकारला माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंचा फेब्रुवारी १८९९ मध्ये पुण्यातच खून झाला. त्यानंतर दामोदरपंतांच्या मागोमाग बाळकृष्ण आणि वासुदेव हे दोघेही भाऊ आणि त्यांचे साथीदार रानडे फासावर गेले. एका घरातील तीन मुलगे. या घटनेवर नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी १९७९ मध्ये ‘२२ जून १८९७’ हा मराठी चित्रपट काढला. तो चाफेकरांचा उपमर्द करत नाही, त्यांची उपेक्षाही करत नाही, आणि तरीही प्रेक्षकाला टाळी वाजवण्याची जागा देत नाही. हिंसा दाखवूनही तिचा गौरव न करणे शक्य आहे, हे त्या चित्रपटाने पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या साध्या साधनांत दाखवले होते.

क्रांतिकारकांना कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. उलट पडद्यानेच त्यांना कमी केले आहे, असे माझे म्हणणे आहे. भगतसिंगांच्या आयुष्यातील पिस्तुलाचे क्षण फार थोडे. तुरुंगात राजकीय कैद्यांना माणसासारखी वागणूक, वाचायला पुस्तके आणि वर्तमानपत्रे मिळावीत म्हणून त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी १९२९ मध्ये दीर्घ उपोषण केले. त्रेसष्टाव्या दिवशी, १३ सप्टेंबर १९२९ रोजी, जतींद्रनाथ दास यांनी प्राण सोडला. फेब्रुवारी १९३१ मध्ये, म्हणजे फाशीच्या जेमतेम दोन महिने आधी, तरुण कार्यकर्त्यांना उद्देशून लिहिताना भगतसिंगांनी आपण दहशतवादी नाही असे स्पष्ट केले आणि बाँबपेक्षा शेतकऱ्यांना व कामगारांना संघटित करण्याच्या कष्टाच्या कामाकडे तरुणांचे लक्ष वळवले. २००२ मध्ये तर भगतसिंगांवरील दोन हिंदी चित्रपट एकाच दिवशी पडद्यावर आले. पण उपोषण हळू असते, वाचन त्याहून हळू. पिस्तूल लवकर उडते. पडद्याला जे सोपे पडते तेच बहुधा लोकांच्या स्मरणात राहते.

पाठगत प्रश्न २
(अ) ‘दोन काळांची सरमिसळ’ म्हणजे काय? लेखक तिला ‘फसवे तंत्र’ का म्हणतो?
(आ) डॉ. आंबेडकरांच्या कोणत्या मुद्द्याशी लेखक सहमत नाही?
(इ) चननसिंग आणि आयर्स्ट यांचा उल्लेख लेखकाने कशासाठी केला असावा?

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे ऐकले पाहिजे, आणि ते दुबळे नाही. मार्च २००६ मध्ये, ‘रंग दे बसंती’ला जेमतेम महिना झाला असताना, दिल्लीकर खरोखरच मेणबत्त्या घेऊन इंडिया गेटपाशी जमले. १९९९ मध्ये दिल्लीत एका उपाहारगृहात जेसिका लाल या तरुणीचा गोळी घालून खून झाला होता. फेब्रुवारी २००६ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने सर्व आरोपींची सुटका केली, तेव्हा लोक संतापले. पण चित्रपट पाहून आलेल्या त्या तरुणांनी पिस्तूल उचलले नाही. चित्रपटातील मेणबत्ती उचलली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुख्य आरोपीला जन्मठेप झाली. मग चित्रपटाने हिंसा शिकवली असे कसे म्हणणार? प्रेक्षक बावळट नसतो. तो पडद्यावरून हवे तेवढेच घेतो. हा युक्तिवाद मला बराचसा मान्य आहे. म्हणून असे चित्रपट बंद करा, असे मी म्हणत नाही. १९९१ च्या मार्गदर्शक सूचनांत हिंसेसारख्या समाजविघातक कृत्यांचे उदात्तीकरण किंवा समर्थन होऊ नये, असे चित्रपट प्रमाणन मंडळाला सांगितलेले होते. परंतु कात्रीने उदात्तीकरण कापता येते यावर माझा विश्वास नाही. तेच दृश्य कोणत्या संगीतासह आणि कोणाच्या चेहऱ्यावर थांबून दाखवले, यावर सारे अवलंबून असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात, निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्तीचा गळा दाबता येणार नाही, असा निर्वाळा दिला होता. चित्रपटगृहे फोडणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. चित्रपट काढणाऱ्यांची जबाबदारी मात्र त्याने संपत नाही.

योगायोग असा की त्याच २००६ च्या सप्टेंबरमध्ये राजकुमार हिराणी यांचा ‘लगे रहो मुन्नाभाई’ आला. त्यात गांधीजींची भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली. दादागिरी करणारा नायक अन्यायाला फुलांनी उत्तर देऊ लागतो, अशी ती कथा. तिच्यातील भाबडेपणा मी मान्य करतो. फुलांनी सगळेच लाजत नाहीत. पण तोही चित्रपट तुफान चालला. प्रेक्षकांना केवळ रक्तच हवे असते, असे सांगणाऱ्या निर्मात्यांनी ते एक वर्ष आठवून पाहावे.

आणि शेवटी जे सांगायचे आहे ते पुण्याच्या एका घराविषयी. सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानातील सुरतगड येथे रात्रीच्या उड्डाणात मिग-२१ विमान कोसळून फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मृत्यू पावले. अपघाताचा दोष आपल्या मुलावर यावा, हे आई-वडिलांना मान्य नव्हते. कविता गाडगीळ यांनी प्रश्न विचारले, पत्रे लिहिली, वृत्तपत्रांतून विषय जागता ठेवला. ‘रंग दे बसंती’तील वैमानिकाच्या कथेचे या घटनेशी असलेले साम्य पुढे अनेकांनी दाखवून दिले. पण साम्य तेथेच संपते. चित्रपटातील आई बेशुद्ध पडते आणि तिच्या वतीने मुले पिस्तूल उचलतात. प्रत्यक्षातील आई जागी राहिली. तिने आणि कॅप्टन अनिल गाडगीळ यांनी हवाई सुरक्षेचे काम हाती घेतले. वैमानिकांना सुरक्षित उड्डाणाचे प्रशिक्षण मिळावे यासाठी पुण्यात संस्था उभी केली. या कामाला वर्षे लागली. त्यात पडद्यावर दाखवण्यासारखा एकही स्फोट नव्हता. मिग-२१ विमाने हवाई दलातून अखेर निवृत्त झाली ती २६ सप्टेंबर २०२५ रोजी. अभिजितच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी.

ही गोष्ट मी त्या दिवशी परतीच्या बसमध्ये सांगितली. अर्थात शेवटची तारीख तेव्हा यायची होती. सर्वजण ऐकत होते. गलाईवाला म्हणाला, “सर, यावर सिनेमा निघाला तर कोण बघेल?” ताई खिडकीबाहेर पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “मी बघेन. पण टाळ्या कुठे वाजवायच्या ते तुम्ही सांगा.” कोणीतरी हसले. मुरथळ आले, बस ढाब्यापाशी थांबली आणि चहासाठी सगळे उतरले.

शब्दार्थ

आख्यायिका – लोकांत परंपरेने सांगितली जाणारी कथा
गलाई – सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा व्यवसाय
उदात्तीकरण – एखाद्या गोष्टीला थोर, गौरवास्पद ठरवून दाखवणे
सनदशीर – कायद्याला व राज्यघटनेला धरून असलेले
निर्वाळा – ठाम निर्णय, खात्रीपूर्वक दिलेले मत
उपमर्द – अपमान

स्वाध्याय

१. “१९२९ आणि २००६ यांच्यामध्ये मतदानाची पेटी आहे,” या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
२. हिंसा दाखवणे आणि हिंसेचा गौरव करणे यांतील फरक पाठातील दोन चित्रपटांच्या आधारे लिहा.
३. मोडतोडीचा उपयोग झाला, या म्हणण्याला लेखक चटकन उत्तर देऊ शकत नाही. तुम्ही कोणते उत्तर द्याल? दहा ओळींत लिहा.
४. खालील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: बेमालूम, रोकडा, भाबडेपणा, जाणूनबुजून.
५. ‘प्रेक्षक बावळट नसतो’ या मताच्या बाजूने किंवा विरोधात मुद्दे मांडा. पाठात नसलेले निदान एक उदाहरण द्या.
६. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या देशभक्तिपर चित्रपटातील, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या असा एक प्रसंग आठवा. त्या प्रसंगी पडद्यावर कोणाचे नुकसान झाले आणि त्या माणसाविषयी चित्रपटाने पुढे काही सांगितले का, ते लिहा.